कडावचें घटिकामान : घटिकापात्र, तास व घड्याळ

१. प्रयोजन

जुन्या कागदांतील शक, संवत्सर, तिथि व वार यांचा मेळ घालण्याकडे संशोधकांचें लक्ष पुष्कळ लागलें आहे. पण त्याच कागदांत तिथीच्या पुढें जो काळ लिहिलेला असतो, – 'दोन घटका दिवस चढतां', 'प्रहर रात्रीं', 'चार घटका रात्र उरली असतां', – त्याकडे बहुधा दुर्लक्ष होतें. घटिका म्हणजे चोवीस मिनिटें व प्रहर म्हणजे तीन तास, एवढें एक कोष्टक ध्यानांत ठेवून आणि सूर्य नित्य सहा वाजतां उगवतो असें मानून हिशेब केला जातो. त्यानें पाऊण तासाची चूक सहज पडते, व प्रसंगविशेषीं एका दिवसाचीहि पडते.

याच दुर्लक्षाची दुसरी बाजू संग्राहकांच्या अनुभवाची आहे. पोथ्या पाहण्यासाठीं जुन्या घरीं गेलें असतां दप्तराच्या शेजारीं तळास भोंक असलेली तांब्याची वाटी पुष्कळदां दृष्टीस पडते. घरच्या मंडळींस ती फुटकी वाटते, व मोडीच्या तांब्याबरोबर ती वजनावर विकली जाते. पोथीचें एक पान हरवलें तर आपण हळहळतों. परंतु त्या पोथींतील काळ ज्या साधनानें मोजला तें साधन गेल्याचें आपणांस दुःख होत नाहीं. म्हणून कालमापनाच्या साधनांचे प्रकार, त्यांची परंपरा व त्यांची परीक्षा यांचा थोडक्यांत विचार येथें करावयाचा आहे. उदाहरणास स्थळ एकच घेतलें आहे: कर्जत तालुक्यांतील कडाव. बालदिगंबर गणपतीच्या देवस्थानामुळें हें गांव परिचित आहे, व कर्जतेहून कशेळ्याकडे व पुढें खांडसमार्गें भीमाशंकराच्या घाटवाटांकडे जाणाऱ्या रस्त्यावर तें आहे. अक्षांश एकोणीस अंशांस किंचित् कमी व रेखांश सुमारें ७३ अंश २४ कला धरिले म्हणजे पुढील गणितास पुरे. गणित कडावचें असलें तरी कर्जत व खालापूर या दोन्ही तालुक्यांतील कागदांस तें चालेल.

२. घटिकापात्राची रचना

आपल्याकडे जलघटिकेचे दोन प्रकार झाले. पहिल्यांत भांड्यांतून पाणी बाहेर गळतें, व किती गळलें यावरून काळ ठरतो. वेदांगज्योतिषांतील नाडिका या प्रकारची मानतात. दुसऱ्यांत रिकामी वाटी पाण्यावर सोडतात, तळाच्या छिद्रांतून पाणी आंत शिरतें, व वाटी भरून बुडाली कीं एक घटिका झाली. हाच प्रकार पुढें सर्वत्र रूढ झाला. स्वच्छ पाण्याच्या कुंडांत ठेविलेलें सच्छिद्र ताम्रपात्र अहोरात्रांत साठ वेळां बुडतें, असें त्याचें वर्णन सूर्यसिद्धान्तांत आहे. अहोरात्राच्या साठ घटिका, घटिकेचीं साठ पळें व पळाचीं साठ विपळें. म्हणजे आजच्या मानानें घटिका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचें, व दोन घटिकांचा मुहूर्त ४८ मिनिटांचा.

लल्ल व श्रीपति यांनीं पात्राचीं मापेंहि दिलीं आहेत. तांबें दहा पळें वजनाचें, आकार अर्धगोल, उंची सहा अंगुळें, तोंडाचा व्यास बारा अंगुळें, आणि छिद्र सव्वातीन माषांहून किंचित् अधिक, म्हणजे तीन माषे व एक तृतीयांश, सोन्याची चार अंगुळें लांब सुई करून तिनें पाडलेलें. या वर्णनांतील 'पळ' वजनाचें आहे, काळाचें नव्हे. वाचकानें येथें घोटाळा करूं नये.

भास्कराचार्यांनीं सिद्धान्तशिरोमणींत (शके १०७२) या मापांवर जो आक्षेप घेतला तो संशोधकांनीं मनन करण्यासारखा आहे. असें पात्र घडविणें दुर्घट आहे, व तीं मापें कां, याला युक्तीचा आधार नाहीं, असें त्यांचें म्हणणें आहे. त्यांनीं सोपा मार्ग सांगितला: पात्र कोणत्याहि मापाचें घ्या, तें एका अहोरात्रांत किती वेळां बुडतें तें मोजा, आणि त्या संख्येनें अहोरात्रास भागा, जें येईल तें त्या पात्राचें मान. अर्थात् पात्राचें प्रामाण्य त्याच्या आकारांत नसून त्याच्या परीक्षेंत आहे. आठशें वर्षांपूर्वींचें हें वाक्य आजच्या कोणत्याहि प्रयोगशाळेस शोभेल.

आक्षेपाचें मर्म पात्राच्या गतीचा विचार केला म्हणजे कळतें. वाटी तरंगत असतां बाहेरचें पाणी आंतल्यापेक्षां कांहीं उंच राहतें, व तेवढ्या उंचीच्या दाबानें पाणी छिद्रांतून वर येतें. ही उंची वाटीच्या वजनावर व आकारावर अवलंबून असते. म्हणून वाटी जड केली कीं ती लौकर बुडते, हलकी केली कीं सावकाश. छिद्र झिजून मोठें झालें तर घटिका आंखूड होते. क्षार किंवा जंग बसून तें बारीक झालें तर लांबते. पाणी फार थंड असलें तरीहि थोडा फरक पडतो. कल्हई केलेली, कांठास डाग दिलेली किंवा तळ ठोकून सरळ केलेली वाटी ही मूळच्या मानाची साक्षीदार राहत नाहीं. पुराणवस्तु विकणारा चकचकीत घासलेली वाटी दाखवितो तेव्हां संग्राहकानें मनांतल्या मनांत तिची किंमत कमी करावी.

घटिकापात्राची गोष्ट निघाली कीं लीलावतीची कथा सांगितली जाते: विवाहाच्या वेळीं वाकून पाहतांना तिच्या अंगावरील मोतीं पात्रांत पडलें, छिद्र बुजलें, मुहूर्त टळला, व खिन्न कन्येच्या नांवें पित्यानें ग्रंथ लिहिला. कथा करुण आहे, पण तिचा आधार भास्कराचार्यांच्या ग्रंथांत नाहीं. ती फैजीनें अकबरासाठीं इ. स. १५८७ मध्यें केलेल्या लीलावतीच्या फारशी भाषांतराच्या प्रस्तावनेंत येते. म्हणजे सिद्धान्तशिरोमणीनंतर ४३७ वर्षांनीं. तिला चरित्राचें साधन मानूं नये. मात्र विवाहांत घटिका घालण्याची चाल किती दृढ होती, याचें ती चांगलें प्रमाण आहे. सूर्यबिंब अर्धें उगवलें किंवा अर्धें मावळलें असतां घंगाळांतील पाण्यावर वाटी सोडावयाची, व जोशानें तिच्यावर नजर ठेवून मुहूर्त सांगावयाचा, ही रीत कोंकणांत घड्याळें आल्यावरहि विधि म्हणून टिकली. भाषेंत तर ती अजून जिवंत आहे: आयुष्य संपत आलेल्याची घटका भरली असें आपण म्हणतों, तेव्हां बुडणारी वाटीच आपल्या तोंडीं असते.

३. कडावची पलभा व दिनमान

घटिका स्थिर आहे, पण प्रहर स्थिर नाहीं. दिवसाचे चार व रात्रीचे चार असे प्रहर धरीत, आणि दिवस-रात्र ऋतुमानानें कमीजास्त होतात. हा फरक कडावीं किती, तें पाहूं. त्यासाठीं दूरचा ग्रंथ नको. ग्रहलाघवकार गणेश दैवज्ञ याच जिल्ह्यांतील, मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगांवचे. ग्रंथ शके १४४२ चा. महाराष्ट्रांतील पंचांगें पुढें शेंकडों वर्षें याच ग्रंथावरून होत असत, हें शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्रांत (१८९६) दाखविलें आहे.

सूर्य विषुववृत्तावर असतो त्या दिवशीं मध्यान्हीं बारा अंगुळें उंचीच्या शंकूची जी छाया पडते ती त्या स्थळाची पलभा. कडावच्या अक्षांशावरून ती ४ अंगुळें व ७ व्यंगुळें येते. ही तीन ठिकाणीं मांडून अनुक्रमें १०, ८ व १० नें गुणावी, आणि शेवटच्या गुणाकारास ३ नें भागावें, म्हणजे चरखंडें मिळतात: कडावीं तीं सुमारें ४१, ३३ व १४ पळें. बेरीज ८८ पळें. परम दिनमानाच्या दिवशीं सूर्य सहा तासांच्या मध्यम उदयकालाच्या ८८ पळें आधीं उगवतो व तितकाच उशिरां मावळतो. म्हणून:

आषाढाच्या सुमाराचा सर्वांत मोठा दिवस ३२ घटिका ५६ पळें, म्हणजे सुमारें १३ तास १० मिनिटें.

मार्गशीर्ष-पौषांतील सर्वांत लहान दिवस २७ घटिका ४ पळें, म्हणजे सुमारें १० तास ५० मिनिटें.

आधुनिक त्रिकोणमितीनें हेंच गणित केलें तर मोठा दिवस ३२ घटिका ५२ पळें येतो. चार पळांचा, म्हणजे दीड-दोन मिनिटांचा हा फरक मुख्यत्वें परमक्रांति चोवीस अंश धरिल्यामुळें पडतो. कागदांच्या कामास जुनी रीति सर्वथा पुरेशी आहे.

आतां प्रहर. मोठ्या दिवसाचा प्रहर ८ घटिका १४ पळें, म्हणजे ३ तास व साडेसतरा मिनिटें. लहान दिवसाचा ६ घटिका ४६ पळें, म्हणजे २ तास ४२ मिनिटें. 'प्रहर दिवस चढला' हें आषाढांत स्थानिक सूर्यमानानें पावणेनवाच्या किंचित् आधीं, आणि पौषांत सव्वानवाच्या किंचित् पुढें. 'दोन घटका दिवस चढतां' यांतील अंतर तर याहून मोठें: आषाढांत तें ६ वाजून १३ मिनिटें, पौषांत ७ वाजून २३ मिनिटें, एकूण ७० मिनिटांचा फरक. घांट चढणारी फौज, पहाऱ्याची बदली किंवा जासुदाचा प्रवास यांचा हिशेब मांडतांना ऋतु न पाहतां कोष्टक लाविलें तर निष्कर्ष चुकणारच.

गणेश दैवज्ञांचें आणखी एक ऋण सांगितलें पाहिजे. त्यांनीं प्रतोदयंत्र नांवाचें छायायंत्र वर्णिलें आहे. प्रतोद म्हणजे चाबूक. यंत्र चाबकाच्या दांडीसारखें, व म्हणून त्यास चाबुकयंत्रहि म्हणत. उभी दांडी, वरच्या भागीं आडवी खुंटी, व अंगावर निरनिराळ्या दिनमानांसाठीं कोरलेल्या घटिकांच्या उभ्या पट्ट्या. सूर्यासमोर धरून खुंटीची सावली ज्या खुणेवर पडेल ती घटिका वाचावयाची. प्रवासांत पाण्याचें पात्र मांडतां येत नाहीं, तेथें हेंच उपयोगी. पोथ्यांच्या रुमालांत कधीं रेघा व आंकडे कोरलेली काठी आढळली तर ती फेंकण्यापूर्वीं तिच्यावरील आंकडे दिनमानाचे आहेत काय, हें अवश्य पाहावें.

४. एक उदाहरण : राज्याभिषेकाचा काळ

घटिकेकडे दुर्लक्ष केल्यानें दिवसाची चूक कशी पडते, याचें उत्तम उदाहरण जेधे शकावलींत आहे. ही शकावली लोकमान्य टिळकांनीं प्रकाशांत आणिली व १९१६ मध्यें ती भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तांत छापली गेली. शिवछत्रपति सिंहासनावर बसले त्या नोंदींत तिथि ज्येष्ठ शुद्ध द्वादशी व वार शुक्रवार दिला आहे, आणि तीन घटिका रात्र उरली होती असें म्हटलें आहे. इकडे आपण उत्सव त्रयोदशीस करितों, आणि इंग्रजी दिनांक ६ जून १६७४ सांगतों. इंग्रजांच्या त्या वेळच्या जुन्या गणनेनें ६ जून रोजीं शनिवार येतो. वरवर पाहणाऱ्यास तिथि व वार या दोहोंतहि विरोध दिसेल.

विरोध मुळींच नाहीं. आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. म्हणून तीन घटिका रात्र उरली असतां शकावलीकारास शुक्रवारच होता. इंग्रजांचा दिवस मध्यरात्रीं बदलला, म्हणून त्यांस शनिवार लागला. तसेंच, द्वादशी त्या शुक्रवारीं एकवीस घटिकांच्या पुढें संपल्याचा आंकडा त्याच नोंदींत आहे; म्हणजे दुपारनंतर त्रयोदशी लागली होती. उदयतिथि द्वादशी, पण सिंहासनारोहणाच्या क्षणींची तिथि त्रयोदशी. नोंद, उत्सव व इंग्रजी दिनांक, तिन्ही खरीं ठरतात, व तीं जुळविणारा दुवा 'तीन घटिका' हाच आहे.

क्षणहि काढतां येतो. रायगडचें चर त्या दिवसांत सुमारें ८४ पळें. म्हणून सूर्योदय स्थानिक मानानें ५ वाजून २६ मिनिटांच्या सुमारास. तीन घटिका म्हणजे ७२ मिनिटें वजा केलीं कीं ४ वाजून १४ मिनिटें येतात. आजच्या घड्याळानें तीच वेळ सुमारें ४ वाजून ५० मिनिटें. एखाद्या ग्रंथांत पहांटेचे सव्वाचार व दुसऱ्यांत पांचाचा सुमार असें आढळलें तर दोघांपैकीं एकास खोटें ठरविण्यापूर्वीं घड्याळ कोणतें, हें विचारावें.

५. तास आणि टोल

ज्या शब्दानें आज आपण साठ मिनिटें सांगतों तो 'तास' शब्द मूळचा काळवाचक नाहीं. तो फारशींतला, अर्थ धातूचें तबक किंवा वाटी. फिरोजशहा तुघलखानें आपल्या फिरोजाबादेस तास-इ-घडियाल उभारल्याचें अफीफाच्या इतिहासांत आहे. बाबरानें आपल्या आत्मवृत्तांत हिंदुस्थानांतील घड्याळ्यांचें वर्णन केलें आहे: दोन बोटें जाडीची पितळेची मोठी चकती उंच टांगलेली, जवळ पाण्यावर सच्छिद्र वाटी, ती भरली कीं चकतीवर ठोके. रात्रीं जाग आल्यास कितवा प्रहर चालला आहे हें कळत नाहीं, म्हणून घटिकेच्या ठोक्यांपुढें प्रहराचेहि ठोके देण्याचा हुकूम आपण दिला, असें तो सांगतो. मराठींत ही चकती 'तास' झाली, मग तिच्यावर वाजणाऱ्या काळासहि तेंच नांव पडलें, व शेवटीं इंग्रजी अवर त्या नांवांत सामावला. 'किती वाजले?' या आपल्या नित्याच्या प्रश्नांतहि डोळ्यांस दिसणारा कांटा नाहीं, कानांस ऐकूं येणारा ठोका आहे.

यावरून संग्राहकांस एक सूचना करावीशी वाटते. जुन्या कागदांत 'तास' आला म्हणून तो साठ मिनिटांचाच असें धरूं नये. संदर्भानें तो चकतीचा, ठोक्याचा किंवा काळाचा ठरवावा. इंग्रजी अमलांतहि तालुक्याच्या खजिन्यावरील व तुरुंगावरील पहारेकरी लोंबत्या चकतीवर तासाचे टोल देत असत. तेथें वस्तु जुनी व मान नवें अशी सरमिसळ झाली होती.

घंटांविषयींहि असाच विवेक हवा. चिमाजीअप्पांनीं १७३९ मध्यें वसई घेतल्यावर तेथील प्रांतांतील पोर्तुगीज देवळांच्या घंटा मराठ्यांनीं आणिल्या, व त्यांपैकीं कांहीं आपल्या देवस्थानांस अर्पण झाल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरील व वाईजवळच्या मेणवलीची घंटा प्रसिद्ध आहे. कडावहून खांडसच्या वाटेनें चढून जाणाऱ्या यात्रेकरूस भीमाशंकरीं अशीच एक घंटा पाहावयास मिळते. या घंटा मूळ स्थळीं प्रार्थनेच्या वेळा सांगत. आपल्याकडे येऊन त्या देवतेच्या जागरणाच्या झाल्या. त्या आल्या, पण त्यांच्याबरोबर कालगणना आली नाहीं. तिचें मान कोंकणांत लोहमार्गानेंच आलें.

६. यांत्रिक घड्याळांचे प्रकार

हायगेन्स या डच पंडितानें १६५६ मध्यें घड्याळास लंबक लाविला, त्यापूर्वींचीं यूरोपीय घड्याळें दिवसाकाठीं पाव तास सहज चुकत. घटिकापात्र त्यांहून वाईट नव्हतें. लंबकाचा झोंका त्याच्या लांबीवर अवलंबून असतो; एका सेकंदाच्या झोंक्यास सुमारें ३९ इंच लांबी लागते, म्हणून उंच पेटीचीं उभीं घड्याळें झालीं. १६७५ मध्यें केसासारखी बारीक कमान चक्रास लावण्याची युक्ति निघाली, आणि खिशांतल्या घड्याळास अचूकपणा आला. मिनिटकांटा त्यानंतर सर्वत्र रूढ झाला.

आपल्याकडील जुन्या वाड्यांतून व कचेऱ्यांतून जीं घड्याळें आढळतात त्यांचे प्रकार ठोकळमानानें चार. पहिला, इंग्रजी मेजावरचें किंवा भिंतीवरचें घड्याळ. यांतील चांगल्या नमुन्यांत कमानीचा जोर सुरुवातीस व शेवटास सारखा राहावा म्हणून शंकूच्या आकाराच्या फिरकीवर सांखळी किंवा तांत गुंडाळलेली असते. दुसरा, अमेरिकन भिंतीवरचें घड्याळ; अन्सोनिया व सेठ थॉमस हीं नांवें तबकडीवर वारंवार दिसतात. तिसरा, काळ्या अरण्याच्या प्रदेशांतील जर्मन घड्याळ. त्यांत श्रामबर्ग येथील युंगहान्सचा (स्थापना १८६१) तारा ओळखीचा. चौथा, खिशांतलें घड्याळ. जुन्यास वेगळी किल्ली, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतल्यास बहुधा डोक्यावरील मळसूत्री बोंडानें किल्ली देण्याची सोय.

काळ ठरविण्याच्या कांहीं खुणा निश्चित आहेत. १८८७ चा इंग्लंडचा व्यापारचिन्हांचा कायदा व १८९० चा अमेरिकेचा जकात कायदा यांमुळें परदेशी मालावर देशाचें नांव घालण्याची प्रथा पडली. म्हणून तबकडीवर 'जर्मनी' असें असलें तर घड्याळ बहुधा त्यानंतरचें. सेठ थॉमसच्या पेटींतील चिठ्ठीवर गांवाचें नांव प्लिमथ हॉलो असलें तर ती १८६५ च्या सुमारापूर्वींची, थॉमस्टन असलें तर नंतरची. अन्सोनियाची यंत्रसामग्री १९२९-३० मध्यें रशियास विकली गेली; त्यानंतरच्या मालावर तें नांव कोरें करकरीत दिसलें तर शंका घ्यावी. तबकडीवर जी. आय. पी. हीं अक्षरें असलीं तर घड्याळ १९५१ पूर्वींचें असलें पाहिजे, कारण त्या वर्षीं ती रेल्वे मध्य रेल्वेंत विलीन झाली. परंतु तबकडी बदलतां येते, पेटी दुसरी बसवितां येते. मुंबईच्या बाजारांत एका घड्याळाचें यंत्र व दुसऱ्याची पेटी असे जोड पुष्कळ मिळतात. म्हणून मागील पट्टीवरची भोंकें, खिळ्यांच्या जुन्या खुणा, लंबकाच्या झोंक्यास पेटींत असलेली जागा व दुरुस्ती करणाऱ्यांनीं आंतल्या बाजूस ओरखडून ठेविलेल्या तारखा पाहिल्यावांचून निर्णय देऊं नये. ओरखड्यांची ही शेवटची खूण पोथीच्या समासांतील नोंदीइतकीच मोलाची आहे.

७. तीन वेळा

मुंबई-ठाणें लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजीं सुरू झाला. १८५६ च्या मे महिन्यांत गाडी पळसदरीवरून खोपोलीस पोंचली, आणि १८६३ मध्यें बोरघाटाचा मार्ग खुला झाला. तेव्हांपासून कर्जत हें घांटाच्या पायथ्याचें महत्त्वाचें स्टेशन झालें, व कडावच्या माणसास काळाचें एक नवें मान भेटलें. घटिकेनें चालणाऱ्यास चोवीस मिनिटें हा लहान घांस; रेल्वेस पांच मिनिटें पुष्कळ.

अडचण अशी कीं हें नवें मान एक नव्हतें. हिंदुस्थानांतील रेल्वे १८७० च्या सुमारापासून मद्रासच्या वेळेनें चालत. ती मुंबईच्या वेळेच्या अर्धा तास पुढें. मुंबई शहर आपली वेळ पाळी. आणि घरचें पंचांग सूर्योदयापासून घटिका मोजी. कडाव मुंबईच्या थोडेंसें पूर्वेस, म्हणून त्याची स्थानिक वेळ मुंबईच्या वेळेपेक्षां दोन-अडीच मिनिटेंच पुढें. हा भेद व्यवहारांत नगण्य. पण कर्जत स्टेशनावरील घड्याळ स्थानिक वेळेच्या सुमारें २८ मिनिटें पुढें असे. मुंबई सरकारनें १८८१ मध्यें मद्रासची वेळ सर्वत्र लागू करण्याचा यत्न केला, त्यास लोकांचा विरोध झाला, व १८८३ मध्यें तो सोडून द्यावा लागला. पुढें १ जानेवारी १९०६ पासून हिंदी प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या वेळेच्या ३९ मिनिटें पुढें. तिच्याविरुद्धहि मुंबईंत मोठा असंतोष झाला, आणि मुंबई महापालिकेनें आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाहीं. शिवाय १९४२ ते १९४५ या युद्धकाळांत घड्याळें आणखी एक तास पुढें केलेलीं होतीं.

म्हणून १८६३ ते १९४५ या काळांतील खाजगी पत्रें, रोजनिशा, जन्मटिपणें व मृत्युनोंदी वाचतांना 'सकाळीं ८ वाजतां' एवढ्यावर विसंबून चालत नाहीं. जन्मपत्रिका करणाऱ्या जोशास हा प्रश्न नित्य पडे, म्हणून त्यांच्या टिपणांत 'मुंबई टाइम', 'रेल्वे टाइम', 'स्टँडर्ड टाइम' असे शेरे आढळतात. इतिहासलेखक मात्र ते शेरे निरर्थक समजून छापतांना गाळतात. ते गाळूं नयेत. आज कडावीं सूर्य डोक्यावर येतो तेव्हां आपलें घड्याळ सरासरीनें १२ वाजून ३६ मिनिटें दाखवितें. म्हणजे प्रमाणवेळ व स्थानिक वेळ यांत बरोबर दीड घटिकेचें अंतर आहे. एवढा एक आंकडा या भागांतील कागद वाचणारानें पाठ करून ठेवावा.

८. संग्राहकांस विनंति

वरील विवेचनावरून चार गोष्टी सुचवितों. पहिली: सच्छिद्र वाटी मिळाली तर ती घासूं नये, कल्हई करूं नये, छिद्रांत तार घालूं नये. प्रथम तिचें वजन, तोंडाचा व्यास, उंची व धातूची जाडी लिहून घ्यावी. मग स्वच्छ पाण्यांत ती निदान दहा वेळां बुडवून प्रत्येक वेळचीं मिनिटें-सेकंदें नोंदावीं. हीच भास्कराचार्यांची परीक्षा. चोवीस मिनिटांपासून फार दूर असलेला काळ आला तर ती वाटी घटिकेची नसून अर्ध्या घटिकेची किंवा अन्य मानाची असूं शकेल, अथवा तिचें छिद्र बदललें असेल.

दुसरी: वाटी ज्या घंगाळांत सोडीत तें घंगाळ, जवळचें पंचांग, मुहूर्ताचीं टिपणें व घरांतील पोथ्या यांपासून ती वेगळी करूं नये. एकटी वाटी ही केवळ तांबें. दप्तराबरोबरची वाटी हा पुरावा.

तिसरी: कागद छापतांना घटिका, पळें व प्रहर जसेच्या तसे छापावे, आजच्या वेळेंत केलेलें रूपांतर टीपेंत द्यावें, आणि कोणतें स्थळ, कोणतें दिनमान व कोणती वेळ धरिली तें त्या टीपेंत सांगावें.

चौथी: जुन्या घड्याळाच्या दुरुस्तींत यंत्र चालू करण्याच्या हौसेनें जुनीं चाकें, चिठ्ठ्या व ओरखडे नाहींसे होऊं देऊं नयेत. बंद पडलेलें पण अखंड घड्याळ इतिहासाच्या दृष्टीनें चालत्या जोडकामापेक्षां अधिक बोलतें.

कर्जत-खालापूर भागांत मुंबईची वस्ती झपाट्यानें पसरत आहे. जुनीं घरें पाडलीं जातात, व माळ्यावरील सामान एका दिवसांत निघून जातें. घरांतील पोथ्या निदान कोणी तरी विचारतो. वाटीस विचारणारा नाहीं. ज्यांचा या घरांत राबता आहे त्यांनीं दप्तर पाहतांना तांब्या-पितळेची अडगळहि एकदां पाहावी, आणि मिळालेल्या पात्रांचीं मापें व बुडण्याचे काळ या त्रैमासिकाकडे पाठवावे. दहा-वीस पात्रांची अशी यादी एकत्र झाली, तर उत्तर कोंकणांत प्रत्यक्ष वापरांत असलेली घटिका ग्रंथोक्त घटिकेशीं कितपत जुळत होती, या प्रश्नास अनुमानानें नव्हे तर मापानें उत्तर देतां येईल.